गुणाबाईनं घातलेलं पाणी

"थांबा फादर! ह्या लेकराला बाप्तिस्म्याचं पाणी आधीच झालंय."

फादरांचा तांब्या धरलेला हात तसाच राहिला. गुणाबाई सुईण गर्दीतून पुढं आली. ही बाई एरवीही कुणाला भीक घालायची नाही, आज तर अख्खं चर्च ऐकत होतं.

दगडोबा खवळला. तो गावचा प्रचारक. फादर महिन्यातून एकदा येत, एरवी रविवारची प्रार्थना तोच चालवी. आज त्याच्या नातवाचा बाप्तिस्मा होता. लातूर नुकतंच जिल्हा झालेलं, तिथल्या नव्या कचेरीत चिकटलेले पाहुणे इस्त्रीचे कपडे घालून आले होते. असल्या दुष्काळात एवढ्यांची पंगत उठवायची म्हणजे काय चेष्टा होती!

"अक्का, खाली बस! फादरच्या मधी कामून बोलतीस?"

"न्हाई बसत. लेकरू निळंच जन्मलं. आता जातंय म्हणून म्या पाणी घातलं, मग ते रडलं. दोनदा बाप्तिस्मा करत्यात का, तूच सांग की."

दगडोबाला उत्तर माहीत होतं, हीच तर पंचाईत.

"पाणी घालताना काय म्हणालात?" फादरांनी विचारलं.

"योसेफा, मी तुझा बाप्तिस्मा करते, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं."

"आणि पाणी कसलं?"

"टँकरचं. दुसरं हाय कुठं?"

लोक हसले, फादरही हसले. त्यांनी तांब्या खाली ठेवला. "मग झाला बाप्तिस्मा. जीव जात असला तर कुणीही पाणी घातलेलं चालतं. मी नुसतं तेल लावतो."

दगडोबाचं तोंड उतरलं. "मग इतके दिस गप कामून होतीस?"

"मागल्या बारीला सांगितलं होतं की. तवा कुठं खरं धरलंस?"

आता कुणी हसलं नाही. दगडोबाच्या सुनेची, उमाबाईची, पहिली मुलगी जन्मल्या जन्मल्या गेली होती. पाणी घातलंय, असं गुणाबाई शपथेवर सांगत होती. पण सुईणीच्या पाण्याला काय अर्थ, आणि बाप्तिस्म्याविना आत जागा नाही, म्हणून दगडोबानं ते बाळ कबरस्तानाच्या दगडी गडग्याबाहेर पुरलं. फादरांना विचारलंसुद्धा नाही.

उमाबाई उठली. सासऱ्यासमोर ती कधी बोललेली नव्हती.

"फादर, मग माझी पयली लेक?"

"तिचाही बाप्तिस्मा झालाय, बाई. पुरता झालाय."

उमाबाई ओक्साबोक्शी रडली. इतके दिवस कोंडलेलं सगळं बाहेर आलं. गुणाबाईनं तिला पोटाशी धरलं आणि तीही रडली.

तेल लावून झालं, पंगत बसली. दगडोबा पंगतीत नव्हता. गुणाबाई कबरस्तानात गेली, तर तो पहारीनं गडगा उकलत होता. अंगातला नवा सदरा घामानं चिंब झालेला. बाहेरच्या त्या एवढ्याशा ढिगाऱ्याला आत घेऊन तो नव्यानं दगड रचू लागला. गुणाबाईनं पदर खोचला आणि दगड उचलून द्यायला लागली.

"अक्का," दगडोबानं मान वर न करता विचारलं, "इथनं घेऊ?"

"जरा भाईरनं घे," ती म्हणाली. "लेकरू हाय, हातपाय हालवाया जागा लागतीया."