सलीम अल-मरजानी यांची शोकसभा

मनोहर कानिटकरांनी डोंबिवलीत असताना एकाहून एक शोकसभा पार पाडल्या होत्या. हार किती लांब हवा, आधी कोणी बोलायचं, कुणाच्या हातात माईक द्यायचा आणि मुख्य म्हणजे कुणाच्या हातून तो काढून घ्यायचा, सगळं त्यांना पाठ. सिंगापूरला आल्यापासून मात्र ही विद्या नुसती गंजत पडली होती. इथल्या मराठी मित्रमंडळाचे ते अध्यक्ष झाले खरे, पण मंडळात सगळे तिशी-पस्तिशीचे, एम्प्लॉयमेंट पासवर आलेले. मरण्याच्या वयाचं कुणी नव्हतंच.

त्यामुळे एका सकाळी एमआरटी मेट्रोत समोरच्या चिनी आजोबांच्या पेपरात त्यांना एका लेखकाचा अर्ध्या पानाचा फोटो दिसला, तेव्हा त्यांचे डोळे पाणावले आणि चमकलेही. आपल्याकडे लेखकाला पेपरात अर्धं पान एकदाच मिळतं, हे त्यांना अनुभवाने ठाऊक. आजोबा पेपर घेऊन पुढच्या स्टेशनवर उतरून गेले. खाली काय लिहिलंय ते वाचायची मनोहरभाऊंना गरजही वाटली नाही. शिवाय हा चेहरा त्यांनी पाहिलेला होता. सुमित्रावहिनींच्या टीपॉयवर, पुस्तकाच्या मागच्या बाजूला.

संध्याकाळी ते थेट आंग मो किओ भागातल्या वहिनींच्या फ्लॅटवर हजर.

"वहिनी, तुमचे ते अरबी लेखक गेले हो."

सुमित्रा पोळ्या करत होती. तिने गॅस बंद केला, ओट्याशी तशीच उभी राहिली आणि तिला एकदम रडूच फुटलं. तिचा नवरा विलास, तेलवाहू जहाजावरचा चीफ इंजिनीअर, नुकताच सुट्टीवर आला होता. तो घाबरून उठला.

"कोण गेलं? तुझ्या माहेरचे का?"

"सलीम अल-मरजानी," ती पदराने नाक पुसत म्हणाली.

विलासने नात्यातली सगळी आडनावं मनात फिरवून पाहिली. एकही जुळेना.

"शनिवारी शोकसभा," मनोहरभाऊ म्हणाले. "कम्युनिटी क्लबचा हॉल मिळतोय. मुख्य भाषण तुमचं. बोलायला आम्ही आहोतच सगळे, पण एकाने तरी वाचलेलं हवं ना!"

सुमित्राचं रडू थांबलं.

बारावीनंतर तिचं शिक्षण संपलं होतं. इंग्रजी ती इथे येऊन शिकली, लायब्ररीच्या पुस्तकांवर आणि एका जाडजूड डिक्शनरीच्या जोरावर. नवरा समुद्रावर, मुलगी शाळेत, तेव्हा दुपारी वाचायचं. मरजानींची 'दीपगृहाची सून' ही कादंबरी इंग्रजी भाषांतरात हाती आली, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून तिला ती कुणालातरी सांगायची होती. मंडळातल्या नीताला सांगू लागली, तर नीता म्हणाली, "सिरियल आहे का गं त्यावर?" विलासला सांगू लागली, तर तो झोपला. मंडळात तिची ओळख म्हणजे साबुदाणा वडा. प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी "सुमित्रावहिनींच्या वड्यांबद्दल टाळ्या" व्हायच्या, आणि माईकशी तिचा तेवढाच संबंध. आता तोच माईक तिला मिळणार होता. तिने आठवडाभर भाषण घोकलं. कुकरच्या शिट्ट्यांमध्ये घोकलं, लिफ्टमध्ये घोकलं.

शनिवारी सकाळी ती पुस्तकाची मुदत वाढवायला लायब्ररीत गेली, आणि मागच्या पेपरांच्या चळतीत तिला तो फोटो सापडला. अर्धं पान. खाली मुलाखत. अमृतमहोत्सवानिमित्त. मरजानींनी सांगितलं होतं, गुडघे सोडले तर बाकी सगळं ठणठणीत आहे, आणि नवी कादंबरी चालू आहे.

सुमित्राला इतका आनंद झाला की ती तिथल्या खुर्चीत मटकन बसली. आणि बसल्या बसल्या तिच्या लक्षात आलं. आता मनोहरभाऊंना फोन केला, की सभा रद्द. जिवंत लेखकासाठी हॉल कोण घेतो?

तिने फोन केला नाही. आधी भाषण करू, मग सांगू, असं तिने ठरवलं. घरी येऊन तिने वडे तळले, दोन मोठ्या डब्यांत भरले, आणि झाकणं गच्च लावली.

हॉल भरला होता. पुस्तकावरचा फोटो मोठा करून टेबलावर ठेवला होता. प्रताप, बँकेच्या कॉम्प्युटर विभागातला मॅनेजर, म्हणाला की अरबी साहित्याचा आधारवड कोसळला आणि ही पोकळी कधीही भरून येणार नाही. मंडळातलाच कुशल एकदा दुबई एअरपोर्टवर सहा तास अडकला होता, तो त्या सहा तासांबद्दल बोलला, त्यात सोन्याचे भावही आले. नीताने नुसतं "काय बोलू?" म्हटलं आणि हुंदका देऊन खाली बसली. सुमित्रा मान खाली घालून ऐकत होती. आपल्या हयात माणसाला लोक एवढ्या आपुलकीने पुरताहेत, हे पाहून तिचे कान तापले.

"आता फोटोला हार," मनोहरभाऊ म्हणाले, "त्यांच्या एकमेव वाचक सुमित्रावहिनींच्या हस्ते. नंतर त्या बोलतील."

सुमित्रा हार घेऊन उभी राहिली. मिशीवाला सलीम तिच्याकडे बघत होता. त्याचे गुडघे दुखत असतील, तिला वाटलं, आणि आपण त्याच्या गळ्यात हे घालतोय.

"हार नको, मनोहरभाऊ."

"का हो? लिटिल इंडियातून आणलाय, ताजा."

"ते जिवंत आहेत."

सगळ्यांच्या माना फोटोकडे वळल्या. मग प्रताप म्हणाला, "मग मी आत्ता बोललो ते काय?"

"मी रडले ना हो!" नीता ओरडली.

"वहिनी," मनोहरभाऊंचा आवाज चिरकला, "तुम्हाला हे कधी कळलं?"

"सकाळी."

"सकाळी! मग एक फोन करायचा!"

"केला असता तर तुम्ही सभा रद्द केली असती."

"अर्थात केली असती!"

"मग मला माईक कधी मिळाला असता? माझ्या फोटोला हार घालताना?"

खुर्च्या सरकू लागल्या. "सभा बरखास्त," मनोहरभाऊ पडेल आवाजात म्हणाले. कुशल तर वड्यांच्या टेबलापर्यंत पोचलाही. त्याने डब्याच्या झाकणाशी झटापट सुरू केली.

"कुशल, हात लावू नकोस." टेबलावरच्या माईकमधून सुमित्राचा आवाज एवढा मोठा आला की ती स्वतःच दचकली. "वडे माझे आहेत. भाषण झाल्यावर उघडणार. बसा सगळे."

सगळे बसले. साबुदाण्यापुढे काय करणार!

घोकलेलं भाषण सुमित्राला आठवेना. मग ती घरी बोलते तसं बोलू लागली. सलीमचे वडील बंदरावर हमाल होते. तो स्वतः कस्टमच्या गोदामात पोती मोजायचा. आईला अक्षर येत नव्हतं. ती मासे साफ करत बसायची आणि हा तिला लिहिलेलं वाचून दाखवायचा. सुरी थांबली, तर ते पान ठेवायचं. सुरी चालूच राहिली, तर फाडायचं.

"कडक बाई," मागून कुणीतरी म्हणालं.

"आणि 'दीपगृहाची सून' म्हणजे जहरा. दीपगृह राखणाऱ्याची सून. नवरा बोटीवर. वर्षाकाठी घरी येतो, जेवतो, झोपतो, जातो. घरात काय झालं, एका शब्दाने विचारत नाही. मग ही काय करते, तो गेला की घरातलं कपाट जागचं हलवते. तो आला की अंधारात ठेच लागेल, मग तरी विचारेल, कपाट इथे का आणलंस? दर खेपेला नवी जागा. दर खेपेला त्याला ठेच लागते. आणि तो अंगठा चोळत गप्प बसतो."

बायकांमधून खुदखुद ऐकू आली. मग हसू एकदम थांबलं. सुमित्राने डोळे वर केले. शेवटच्या रांगेत विलास उठून उभा होता. मंडळाच्या सभेत तो पहिल्यांदाच आला होता, तोही डबे उचलायला.

"मग?" त्याने विचारलं. इंजिन रूममध्ये ओरडायची सवय, त्यामुळे सगळ्या हॉलला ऐकू गेलं. "विचारलं का त्याने शेवटी?"

"नाही," सुमित्रा म्हणाली. ती त्याच्याकडेच बघत होती. "एकदा तो बोटीवर निघून गेला, आणि रात्री ही पाणी प्यायला उठली तेव्हा हिलाच ठेच लागली. जाताना त्याने कपाट हलवून ठेवलं होतं."

विलास उभाच राहिला. बसायचं असतं हे तो विसरला असावा.

"अगं पण मग पुढे?" नीताने डोळे पुसत विचारलं. या वेळी रडू खरं होतं. "तो परत आला की नाही?"

सुमित्राने घड्याळाकडे पाहिलं, मग मनोहरभाऊंकडे. माईक काढून घेण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नव्हतं. पण ते आपली खुर्ची उचलून पहिल्या रांगेच्याही पुढे येऊन बसले होते.

"सांगा सावकाश, वहिनी," ते म्हणाले. "हॉल नऊपर्यंत आपलाच आहे."