रेघ तुटू न देणारा पंप

"आजोबा, तुम्ही चार्जिंगवर चालता का?"

हा प्रश्न विचारण्याची पैज मैत्रिणींनी आमच्या घरातल्या नातीशी लावली होती. तिने तो विचारला, तोही थेट माझ्याकडे बोट दाखवून.

"हो," आजोबा म्हणाले, "आणि तू बडबडीवर. म्हणून तर तुझी बॅटरी उतरत नाही."

मित्रांनो, मी एक जुना औषधाचा पंप आहे. साबणाच्या वडीहून जरासा मोठा, आजोबांच्या पट्ट्याला कापडी पिशवीत लटकणारा. कारखान्यात माझा थेंब न् थेंब तपासूनच मला बाहेर सोडलं. आधी मी एका निवृत्त बसचालकाच्या कमरेला होतो. ते गेल्यावर दवाखान्याच्या कपाटात धूळ खात पडलो. वाटलं, संपलं आपलं. मग आजोबा आले.

आजोबा दुकानांच्या पाट्या रंगवतात. काय वळण आहे त्यांच्या अक्षराला! पण त्यांना पार्किन्सन्सचा आजार आहे. गोळी घेतली की हात चालायचा, तिचा असर उतरला की अंग लाकडासारखं ताठ. कधी कधी तर अर्ध्या अक्षरावरच. मी पोटाच्या कातडीखालच्या बारीक सुईतून दिवसभर थोडं थोडं औषध सोडत राहतो. आजार मी बरा करत नाही, पण हे चढउतार पुष्कळ कमी करतो. मी आलो आणि आजोबांनी शर्टाची बटणं स्वतः लावली, वर घरभर दाखवत फिरले. मला छाती असती तर फुगलीच असती.

नातीच्या आईने शिवणाचं दुकान काढायचं ठरवलं. पाटी अर्थातच आजोबांची. पण रंगवताना तिसऱ्या अक्षरावर ते गोठले. ब्रश हातात तसाच, रंग ओघळतोय. बाबांनी त्यांना धरून खुर्चीत बसवलं.

"यंत्र बिघडलं वाटतं," बाबा म्हणाले.

"राहू दे," आई हळूच म्हणाली. "छापील पाटी सांगून टाकू."

आजोबा भिंतीकडे बघत बसले. नातीने मला पिशवीतून बाहेर काढलं. पडद्यावर दिसत होतं, मी आत्ताच सुरू झालो होतो; औषधाला अंगात भिनायला वेळच मिळाला नव्हता.

"आजोबा, सकाळपासून हा बंद ठेवला होता?"

"नुसताच बसलो होतो गं. म्हटलं, औषध कामाच्या वेळेला पुरेल. रंगाच्या डब्याचं झाकण नाही का आपण लावून ठेवत?"

"पण तुम्हीच शिकवलंत ना, ब्रश मध्येच उचलला की रेघेला जोड दिसतो? मग पंपाची रेघ का तोडलीत?"

"माझाच धडा मला देतेस?" आजोबा म्हणाले, आणि हसले. रोज सकाळी माझ्यात औषध भरून जाणाऱ्या नर्सताईंना नातीने फोन लावला; त्या मात्र हसल्या नाहीत. डॉक्टरांना विचारल्याशिवाय पंप बंद करायचा नाही, असं त्यांनी आजोबांकडून दोनदा वदवून घेतलं.

मित्रांनो, माझं सगळं मोल न थांबण्यात आहे. मला जपा, पण जपून ठेवू नका. पाहुणे आले म्हणून शालीखाली लपवू तर मुळीच नका.

संध्याकाळी अर्धी पाटी भिंतीला टेकून उभी होती. नात तिच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आई, छापील पाटी सांगायची नाही. बाबा, उद्यापासून रोज सकाळी पंपात औषध भरताना मी नर्सताईंजवळ बसणार आणि ते शिकणार. त्या हो म्हणाल्यात. आणि दुकान आजोबांची पाटी झाल्यावरच उघडेल. मी ठरवलंय."