आईचा डावा हात

मी चुकले नव्हते, हे आधीच सांगून टाकते.

मंगळवार पेठेतल्या आमच्या कलाशाळेत इंगवले सर छापचित्रं शिकवतात. त्यांनी एकदा बरोक काळातल्या, म्हणजे सतराव्या शतकाच्या आसपासच्या एका युरोपीय छापाची प्रत दाखवली. गोठ्यात बाळ येशू, भोवती मेंढपाळ. दिवा नाही, चंद्र नाही, सगळा उजेड त्या बाळाच्या अंगातूनच येतोय. चेहरे तिरक्या ओळीत, पुढचे लख्ख, मागचे काळोखात. सर म्हणाले, "तांब्याच्या पत्र्यावर उजेड कोरता येत नाही. काळोखाच्या रेघा मारायच्या, उजेडाची जागा कोरी सोडायची." मला तिथंच आमचं कुरुंदवाडचं गुऱ्हाळ आठवलं.

आमच्याकडे हंगामातला पहिला गूळ, रस उकळायच्या काहिलीखाली जे चुलवाण असतं, त्याच्या आगीला देतात. वर्षानुवर्षं त्या चुलवाणात जाळ घालते माझी आई, विठाबाई. पण नैवेद्य देतात चुलते. आई डावखुरी ना! तिच्या हातच्या भाकऱ्या सगळ्यांना चालतात, नैवेद्य तेवढा चालत नाही. लहानपणी त्या हातावर इतके फटके बसलेत की चार माणसांत ती तो अजून पदराखाली घेते. याचा मला भयंकर राग येतो.

म्हणून मी नैवेद्य देणारी आईच कोरली. आग चित्रात घेतलीच नाही. तिरक्या ओळीत चुलत्यांचे चेहरे, आणि त्यांच्यावर उजेड आईच्या हातातून. तीन महिने रेघांवर रेघा मारल्या, हात तेवढा कोरा सोडला. छाप उलटा उमटतो, म्हणून पत्र्यावर उजवा काढला.

छाप बघून सरांनी कपाळावर हात मारला. "क्रांती, उलटं कोरायला विसरलीस की! डाव्या हातानं नैवेद्य?"

"कोपऱ्यातलं माझं नाव वाचा सर."

नाव सरळ उमटलं होतं. विसरले असते तर तेही उलटं आलं असतं. सरांनी वाकून नाव वाचलं.

"म्हणजे मुद्दाम?"

"आई डावखुरी हाय माझी."

"असेल. पण देवाधर्माचं चित्र आहे, प्रदर्शनाला लोक येतात. तो हात रेघांनी बुजव, दुसऱ्या बाजूच्या रेघा घासून उजवा कर. दर्शनी भिंतीवर लावतो. नाहीतर राहू दे." त्यांनी खरवडणी माझ्यापुढं सरकवली.

त्या भिंतीसाठी मी वर्षभर राबले होते. खोटं कशाला बोलू, खरवडणी मी हातात घेतलीही. मग परत टेबलावर ठेवली.

"घासणार न्हाई सर. लावू नका."

प्रदर्शनाच्या दिवशी मी चित्र बाहेर व्हरांड्यात स्टुलावर उभं केलं. आई एसटीनं आली, सरांसाठी गुळाची ढेप घेऊन. चित्रापुढं ती बराच वेळ उभी राहिली.

"ह्यो माझा हात हाय की गं."

"व्हय. त्याच्यापायीच बाहेर ठेवलंय."

तेवढ्यात पाहुण्यांना घेऊन सर आले. आईनं सवयीनं ढेप उजव्या हातात धरली होती. तिनं एकदा चित्राकडं बघितलं. मग पदराखालचा हात बाहेर काढला, ढेप त्यात घेतली आणि सरांपुढं धरली.

"घ्या सर. पैल्या काहिलीचा गूळ हाय."

सर पाहुण्यांकडं बघायला लागले. आईनं हात मागं घेतला नाही.