भोकाची फरशी

मी फरशी बोलतेय. अख्ख्या घरातली नव्हे, एकटीच. दुकानात गिऱ्हाइकाला दाखवायला एकेक तुकडा ठेवतात ना, तसला नमुना आहे मी. माझ्याबरोबर भट्टीतून निघालेल्या बहिणी कुणाच्या न्हाणीघरात बसल्या, कुणाच्या गच्चीवर. मला मात्र दुकानात आल्या आल्या कोपऱ्याला अंगठ्याएवढं भोक पाडून भिंतीवरच्या खिळ्याला टांगलं. भोक पडलेली फरशी कुणी घरात बसवत नाही. म्हणजे सगळ्यांनी हात फिरवायचा माझ्यावरून आणि घरी न्यायची ती दुसरीच!

त्यातून मी राखाडी आणि खरखरीत. लोक म्हणायचे, "छान आहे, पण..." त्या 'पण'च्या पुढचं मला पाठ झालं होतं. रंग मळकट वाटतो, पुसताना फडकं अडकेल, पाहुणे काय म्हणतील. काही दिवसांनी माझा माल यायचाही बंद झाला. तरी खिळ्यावरून मला कुणी उतरवलं नाही. दुकानदार विसराळू होता, एवढंच.

एकदा एक जोडपं आलं. त्यांच्या घरात फरशीखालचा नळ फुटला होता आणि तो शोधता शोधता मिस्त्रीने घरभराची फरशी उखडून ठेवली होती. आता नवी कुठली घालायची, यावर त्यांचं एकमत होईना.

"घरी न्या नमुने, तुमच्या उजेडात बघा," दुकानदार म्हणाला आणि त्याने आम्हा पाच जणींना पिशवीत कोंबलं. पांढरा संगमरवर, एक लाकडी पट्टी, प्लॅस्टिकची एक मऊ चटई, एक आरशासारखी चकचकीत फरशी आणि मी. वाटेत चकचकीत मला म्हणाली, "जरा सरक गं, ओरखडा पडेल मला." मी सरकले. आपला स्वभावच भिडस्त.

घरात जिकडेतिकडे नुसतं सिमेंट. नवरा, बायको आणि नवऱ्याची आत्या अशी तीनच माणसं. आत्याबाईंनी जन्मभर शिवणकाम केलं आणि या भाच्याला लहानाचा मोठा केला. अजूनही त्याला 'बाब्या'च म्हणायच्या. बाब्याचे केस पिकायला लागले होते ही गोष्ट वेगळी.

मग आमची परीक्षा सुरू झाली. बायकोने प्रत्येकीवर चहा सांडला. संगमरवराने तो असा पिऊन टाकला की डाग जाता जाईना. लाकडाची पट्टी ओलाव्याने फुगून बसली. चटईवर खुर्ची ठेवली, तर पायाचे खड्डे उमटले. बाब्याने चकचकीतवर हातोडी सोडून पाहिली, कोपऱ्याचा टवका उडाला. (मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?) माझ्यावर ना डाग पडला ना टवका उडाला, पण माझ्या खरखरीत अंगात सिमेंटची धूळ जाऊन बसली.

"अहो, हिच्यात कचरा बघा कसा अडकतोय. रोज घासत कोण बसणार?"

"मी नाही."

"ते माहितीये मला."

"चकचकीतच घेऊ. घरभर एकच. घर मोठं दिसेल."

"ओली झाली की घसरते पण."

"सांभाळून चालायचं. आत्या, तुझं काय मत?"

"पायाखाली जमीन असली म्हणजे झालं बाबा," आत्याबाई म्हणाल्या. तेवढ्यावर चकचकीत पास झाली.

बाकीच्या तिघी पिशवीत गेल्या. मला मात्र स्वयंपाकघराच्या दारात टाकलं, कारण तिथे एक खड्डा राहिला होता आणि त्यात सगळ्यांचे पाय अडखळत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी जमिनीवर पडले आणि कुणीतरी माझ्यावरून चाललं.

सकाळी सगळ्यांच्या आधी आत्याबाई यायच्या. अनवाणी, एक हात भिंतीला लावून. त्यांचं पाऊल मला चाचपायचं, अंगठा बरोबर माझ्या भोकात जायचा आणि मग त्या डावीकडे वळून, सैनिकासारख्या ताठ, ओट्याकडे जायच्या. चहा टाकायच्या. त्या कधी खाली बघत नसत. एकदा त्यांनी हळूच विचारलं, "आहेस ना गं बाई?"

तेव्हा मला उमगलं. आत्याबाईंना उजेड आणि सावली, एवढंच काय ते दिसत होतं. फरशी उखडण्याआधी त्यांचे पाय सगळं वाचत. बैठकीची गुळगुळीत फरशी, स्वयंपाकघरातला खडबडीत दगड. आता सगळीकडे सिमेंट झालं आणि त्यांच्याजवळ खुणेला उरले मी. घरात कुणाला याची गंधवार्ता नव्हती. "कळलं तर गॅसजवळ उभं करणार नाहीत मला," असं त्या चहाच्या भांड्याला सांगत. सकाळचा चहा हे त्या घरातलं त्यांचं एकमेव राज्य होतं.

पुढे मिस्त्रीने खड्डा बुजवला. नमुने परत करताना विसरायला नको, म्हणून बायकोने मला उचलून बाहेरच्या दाराजवळ, चपलांच्या कपाटासमोर ठेवलं. मला ओरडावंसं वाटलं. पण फरशीला कुठलं तोंड?

सकाळी आत्याबाई दाराबाहेरचं दुधाचं पातेलं घेऊन आत आल्या. पाऊल माझ्यावर पडलं. अंगठा भोकात गेला. त्या थबकल्या, आज स्वयंपाकघराचं दार इतक्या लवकर कसं आलं म्हणून. पण पायावर विश्वास ठेवून डावीकडे वळल्या आणि पातेलं बाब्याच्या बुटांशेजारी ठेवलं. लायटर शोधायला हात घातला, तर हाती आला बुटाचा ब्रश.

"आत्या! बुटांना दूध पाजतेस काय?" बाब्या पोट धरून हसला.

"बघ की, कसे वाळलेत बिचारे," आत्याबाई म्हणाल्या. पण ब्रश त्या बोटांनी चाचपत राहिल्या.

बायको हसली नाही. ती माझ्या भोकातल्या अंगठ्याकडे बघत होती. तिने पातेलं उचललं, मग मला उचलून स्वयंपाकघराच्या दारात नेऊन ठेवलं आणि बाजूला होऊन बघत राहिली. आत्याबाई भिंतीच्या आधाराने आल्या, मला चाचपलं आणि झटकन आत वळल्या.

"अहो," बायको म्हणाली, "आत्यांना दिसत नाहीये."

बाब्याचा चेहरा उतरला. मग तो चिडला. माणसं घाबरली की आधी चिडतात, हे मी दुकानातही पाहिलंय. "आजपासून गॅसला हात लावायचा नाहीस तू!"

"मग सकाळी उठू कशाला रे मी?" आत्याबाई म्हणाल्या.

बायको म्हणाली, "गॅसचं मी शेजारी उभी राहून बघेन. तुम्ही आधी फरशीचं बघा. घरभर एकच गुळगुळीत घातली, तर यांनी कुठलं दार कसं ओळखायचं?"

या खेपेला आत्याबाईही दुकानात आल्या. चपला काढून त्या एकेका नमुन्यावर उभ्या राहिल्या. "ही गुळगुळीत गार आहे, पण सुकी असेल तर बरी. बैठकीत घाला. लाकूड उबदार आहे, माझ्या खोलीत घाला, तिथे कुठलं पाणी सांडतंय? न्हाणीघरात खरखरीतच. बाब्या, कचरा अडकला तर तू घासशील."

"काकू," दुकानदार कळवळला, "घर नमुन्यांचं दुकान दिसेल हो!"

"दिसू दे की. मला कुठे दिसणार आहे?"

बाब्याला हसू फुटलं, डोळेही भरले.

"आणि स्वयंपाकघराच्या दारात ही," असं म्हणून त्यांनी मला छातीशी धरलं.

"तिचा माल येत नाही आता. आणि भोक आहे तिला."

"भोकासकट हवीये."

मिस्त्रीने मला बसवलं आणि सवयीने भोकात सिमेंट भरायला गेला. "हात लाव तर खरं!" आतून आत्याबाईंचा आवाज आला. बिचाऱ्याची थापी हातातून सुटली.

आता मी इथेच असते. सकाळी बायको ओट्याशी उगाच काहीतरी पुसत उभी असते आणि बाब्या दारात पाणी पीत. "बाब्या, एवढं पाणी पिऊ नकोस रे, फुटशील," आत्याबाई म्हणतात. मग चहा होतो. कधीकधी साखर जास्त पडते. सगळे तसाच पितात.

तुम्ही फरशी घ्यायला जाल, तेव्हा चहा सांडून बघा, हातोडीही टाका. पण एकदा चपला काढून उभे राहा आणि ज्यांचं मत उगाच विचारल्यासारखं करता, त्यांनाही सोबत न्या. एवढंच माझं मागणं.

चला, भिंतीवरून हात सरकत येतोय. आता विचारतील, "आहेस ना गं?" मला हो म्हणता येत नाही. मी फक्त जागेवर असते.