बावीस वर्षांचा काळा रंग

मित्रांनो, मी तवा आहे. जुना, लोखंडी, कोरेगाव भीमाच्या एकाच घरात बावीस वर्षं भाकरी भाजलेला. पण काही महिन्यांपूर्वी तुम्ही मला पाहिलं असतं, तर 'हा कालच दुकानातून आणलाय' असं शपथेवर सांगितलं असतं. माझ्यात चक्क तोंड दिसत होतं! तव्यात तोंड दिसणं ही काही कौतुकाची गोष्ट नव्हे. त्या दिवशी बसलेला धक्का अजून माझ्या लोखंडातून गेलेला नाही, म्हणून तर तुम्हाला सांगायला बसलो आहे.

माझा जन्म शिरूरच्या बाजारात, एका घिसाड्याच्या पालापुढे झाला. एकाच पत्र्यातून त्याने दोन तवे कापले. तो सांडशीत धरायचा आणि त्याची बायको घण घालायची. त्या दोन तव्यांतला एक मी आणि दुसरा माझा भाऊ. शेवटचा घाव जरा तिरपा बसला आणि माझ्या काठाला बोटाएवढा खळगा पडला, तो आजही आहे.

त्या दुपारी दोन शेजारणी बाजारात आल्या. एक खुर्शिदबी आणि दुसरी अनसाबाई. अनसाबाईचा झेंडूचा मळा होता आणि खुर्शिदबी तिच्या जोडीने फुलं तोडायला जायची. तवा कसा निवडतात ते मी त्या दिवशी पाहिलं. अनसाबाईने मला उन्हाकडे धरून कुठे बारीक भोक आहे का ते बघितलं. खुर्शिदबीने बोटाच्या पेराने टकटक केलं आणि कान लावला. मग तिने माझ्यात ओंजळभर पाणी ओतलं. पाणी बरोबर मध्यभागी येऊन थांबलं, तेव्हा ती म्हणाली, "ह्यो माझा." माझा भाऊ अनसाबाईच्या पिशवीत गेला.

नवा तवा म्हणजे कोरं पोर. त्याला काही येत नसतं. खुर्शिदबीने मला चुलीवर तापवलं, अर्धा कांदा तेलात बुडवून माझ्या अंगावर घासला, पुन्हा तापवलं, पुन्हा घासला. तरीही पहिली भाकरी चिकटलीच. पण त्या घराची रीतच होती, की नव्या तव्यावरची पहिली भाकरी घरात कुणी खायची नाही. ती दारातल्या कुत्र्याला गेली आणि मी मनातल्या मनात ओशाळलो.

मग वर्षं गेली आणि मी काळा होत गेलो. ही माझी मिळकत होती बरं का! साबण नाही, घासणी नाही, फडक्याने पुसायचं आणि भिंतीशी उभं करायचं. खुर्शिदबी माझ्यावर तळहात धरायची, टेकवायची नाही, नुसता धरायची, आणि तेवढ्यावरून तिला माझा ताव कळायचा. बाजरीची भाकरी टाकायची, वरून पाण्याचा हात फिरवायची, उलटायची. ओली बाजू माझ्यावर पडली तरी कधी अडकली नाही. तिचा मुलगा सैफ सणसवाडीच्या एका कंपनीत लागला, तेव्हा त्याच्या डब्यातल्या भाकरीवर बिहारची पोरं तुटून पडायची. 'तेरी अम्मी की रोटी दे दे, मेरा चावल ले ले,' म्हणायची. सैफ घरी येऊन सांगायचा आणि मी चुलीशेजारी फुगून बसायचो.

पहिला धक्का गेल्या थंडीत बसला. खुर्शिदबी परातीत पीठ मळत होती आणि मळता मळता तिचा उजवा हात परातीतच राहिला. उचलता येईना. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. मी तापून लाल व्हायला आलो होतो आणि मला उतरवायचं भान कुणालाच नव्हतं. तिला गाडीत घालून नेलं, तेव्हा अर्धं मळलेलं पीठ तसंच पडून होतं.

ती परत आली, चालू लागली, बोलू लागली. हात मात्र मागे राहिला. डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला आणि बजावलं, की रोज दाबायचा, हात चालता ठेवला तरच तो परत येईल, नाहीतर कायमचा जाईल. खुर्शिदबी चार महिने तो चेंडू दाबत बसली. सून निखत दौंडची, गुणी पोरगी. ती तिच्या माहेरच्या तव्यावर चपात्या करायची. मी खिळ्यावर लटकत राहिलो आणि माझ्यावर तांबूस ठिपके उमटले. राग कुणाचा धरू?

एके दिवशी खुर्शिदबी म्हणाली, "येत्या सुट्टीला भाकरी मी थापणार." घरात आनंदीआनंद झाला. सैफला तर काय करू आणि काय नको असं झालं. त्याने माझ्याकडे पाहिलं. काळा, खरखरीत, त्यात गंजलेला.

"अम्मी पहिल्यांदा चुलीम्होरं बसणार, आन् ह्यो असला तवा?" तो निखतला म्हणाला आणि मला डब्याच्या पिशवीत घालून कंपनीत घेऊन गेला.

मित्रांनो, सैफ पॉलिशच्या खात्यात आहे. जेवणाच्या सुट्टीत त्याने मला मशीनवर धरलं. आधी खरखरीत चाक, मग मऊ चाक. ठिणग्या उडत होत्या आणि माझं बावीस वर्षांचं तेल, कांदा, धूर, बाजरी, सगळं काळ्या भुकटीसारखं त्याच्या बुटांवर पडत होतं. मी हबकून गेलो. ओरडायला तोंड नाही, पळायला पाय नाहीत! अर्ध्या तासात सगळं संपलं. सैफने मला उचललं आणि माझ्यात त्याचा हसरा चेहरा दिसला. एवढ्या प्रेमाने कुणाला सोलतात, हे मला तोवर माहीत नव्हतं.

सुट्टीच्या दुपारी खुर्शिदबी चुलीपुढे बसली. माझ्याकडे बघून ती दचकली. "नवा आनला व्हय रं?"

"तुझाच हाय अम्मी, ह्यो खळगा बघ. आता भाकर चिकटायचीच न्हाई. आमच्या कंपनीत पार्ट जेवढा गुळगुळीत, तेवढा सरकतो."

कंपनीतलं ज्ञान ते! एरवी तिने मला टकटक करून शंभर चुका काढल्या असत्या. पण त्या दिवशी तिचं सगळं लक्ष स्वतःच्या हातावर होतं. हात थरथरत होता, पण काय सांगू, भाकरी गोल आली, काठ न फुटता आली. तिने ती माझ्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. आणि ओल्या बाजूने माझं नागडं लोखंड गच्च धरलं. उलथनं घातल्यावर भाकरी मधोमध फाटली.

दुसरीही फाटली. तिसरीच्या चिंध्या झाल्या. मला दरदरून घाम फुटावा असं झालं. अगं, मी चुकतोय, मी! तुझा हात नाही! पण तव्याचं कोण ऐकतं? खुर्शिदबीने उजवा हात डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला.

"गेला," ती म्हणाली. "माझा हात गेला."

ती उठली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. त्या दिवसापासून तिने चेंडूला हात लावला नाही. निखतने चेंडू आणून दिला, तर म्हणाली, "ठिव तिकडं. मेलेल्याला काय दाबायचं?" सैफ उंबऱ्यात बसून राहिला. आपणच घाई केली, अम्मीला लवकर बसवलं, असं तो घोकत होता. आणि मी मोरीजवळ लख्ख चमकत पडलो होतो. डॉक्टरांचे शब्द मी ऐकले होते. हात थांबला तर तो कायमचा जाणार होता आणि तोही माझ्यापायी.

चौथ्या दिवशी सकाळी अनसाबाई मेथीची जुडी घेऊन आली. निखतने रडत रडत सगळं सांगितलं. अनसाबाई ऐकता ऐकता थांबली. तिची नजर माझ्यावर पडली होती.

"ह्ये काय? ह्याचा काळा रंग कुठं गेला?"

"मीच साफ केला मावशी, कंपनीत," सैफ म्हणाला. म्हणता म्हणता त्याचा आवाज बारीक झाला.

"आरं बाबा! बावीस वर्साचा तवा सोलून काढलास!" तिने कपाळावर हात मारला आणि तशीच अनवाणी घरी धावली. परत आली ती माझ्या भावाला कडेवर घेऊन. काळा कुळकुळीत, तुकतुकीत भाऊ! त्याने मला ओळखलं की नाही कोण जाणे.

"ऊठ खुर्शिद. ह्याच्यावर भाकर टाक."

"कशाला हसं करती माझं?"

"एक थाप. चिकटली तर पुन्यांदा तुझ्या दारात येनार न्हाई."

खुर्शिदबी उठली, मैत्रीण गमवायची नव्हती म्हणून. तिने थापली. तोच थरथरता हात, तीच गोल भाकरी. पाणी फिरवलं, उलटली. उलथनं खाली गेलं आणि भाकरी आपसूक सुटून वर आली. विस्तवावर धरताच टम्म फुगली.

खुर्शिदबी आपल्या हाताकडे बघत होती, अनोळखी माणसाकडे बघावं तशी. मग तिचा चेहरा वेडावाकडा झाला आणि ती मोठ्याने रडली. सैफ दोन्ही हातांनी डोकं धरून खाली बसला. "म्हंजी अम्मीचा हात..."

"हात धडधाकट हाय," अनसाबाई म्हणाली. "तुझा तवा नागवा हाय."

मित्रांनो, दोषी ठरल्याचा एवढा आनंद कुणाला झाला असेल का? मला झाला.

सैफ लाजेने मला भंगारात टाकायला निघाला. खुर्शिदबीने त्याच्या हातातून मला ओढून घेतलं, उजव्याच हाताने. "ऱ्हाऊ दे. मला चार म्हयने लागलं, त्याला बी लागतील." तिने अर्धा कांदा तेलात बुडवला आणि माझ्यावर गोल गोल फिरवू लागली. रोज सकाळी, रोज संध्याकाळी. चेंडू कोनाड्यात पडून राहिला, त्याची गरजच उरली नाही. तिची बोटं घट्ट होत गेली आणि मी पिवळट, मग तपकिरी होत गेलो.

परवा तिने माझ्यावर पुन्हा पहिली भाकरी टाकली. थोडी चिकटली, एका बाजूने करपली. रीतीप्रमाणे ती कुत्र्याला जायची. पण सैफने ती परातीतून उचलली आणि उभ्या उभ्या खाऊन टाकली.

"कडू हाय का रं?" खुर्शिदबीने विचारलं.

"न्हाई अम्मी," तो म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं आणि ओठांना काजळी लागली होती.

तर मित्रांनो, तुमच्या घरात एखादा काळा तवा भिंतीशी उभा असेल, तर त्याला चमकवायला जाऊ नका. हातात घेण्याआधी, रोज त्याच्यावर हात धरणाऱ्या माणसाला एकदा विचारा. सैफने विचारलं असतं, तर ते चार दिवस माझी खुर्शिदबी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली नसती.