वादळ वाजवणारी चिपळी

मित्रांनो, मी एक जुनी शिसवी चिपळी आहे. आम्ही चौघी बहिणी, दोन डाव्या हातात, दोन उजव्या. सयामच्या जुन्या राजधानीत, आयुथयाच्या कालव्याकाठी महाकाव्यं गाणाऱ्या गुरू चेम यांच्या हातात आमचा जन्म गेला. मुलगी वयात आली, तिच्या डोक्यावर लहानपणापासून राखलेला बुचडा उतरवायचा सोहळा ठरला, की गुरूंना बोलावणं ठरलेलंच.

आमच्या काव्यांत राजपुत्र नायिकेच्या दालनात शिरतो. ती रडते, हात झिडकारते. पुढचं कवी उघड सांगत नाहीत. ढग दाटतात, वीज कडाडते, भुंगा कमळात शिरतो. ते वादळ मी वाजवायचे, आणि काय वाजवायचे म्हणून सांगू! पुरुष ओरडत, "वा गुरू! पाऊस थांबवू नका!" वादळ ओसरलं की नायिका लाजून हसते. पुढे तिच्यावरून युद्ध पेटलं, की चंचल म्हणून बोल तिलाच.

गुरूंची बायको लमोम मागे बायकांत नारळ खवत हे ऐकायची. तिलाही गुरूंनी तरुणपणी असंच, तिला न विचारता, होडीत घालून पळवून आणलं होतं. मग रीतीप्रमाणे तिच्या वडिलांपुढे फुलं-उदबत्ती ठेवून क्षमा मागितली. क्षमा वडिलांची, तिची नव्हे.

एकदा घरी परतताना ती म्हणाली, "अहो, वादळाआधी तिच्या तोंडी चार ओळी घाला की. तिला काय वाटलं ते."

"वेडी का गं तू? गुरूपरंपरेचं आहे ते. शब्द बदलला तर शाप लागेल!"

"आणि यजमानाच्या टकलावर दर वेळी नवा विनोद जोडता, तेव्हा कुठे जातो शाप?"

गुरू खो खो हसले. "बरं बाई, बघू पुढच्या वेळी."

ती पुढची वेळ आलीच नाही. लमोमने तो विषय सोडून दिला, आणि एका पावसाळ्यात ती तापाने गेली.

त्यानंतरच्या सोहळ्यात गुरू त्याच प्रसंगाशी आले. हात वर गेले आणि थांबले. "ती म्हणाली..." ते गायले. पुन्हा गायले, "ती म्हणाली..." पुढे शब्दच फुटेना. जिच्याबरोबर जन्मभर भात खाल्ला, तिला पळवून आणलं तेव्हा काय वाटलं होतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

"वाजवा की, गुरू! पाऊस कुठे अडला?" लोक ओरडले. गुरूंनी आम्हाला खाली ठेवलं ते कायमचंच.

मित्रांनो, आम्हाला जपा असं आम्ही जुन्या वस्तू नेहमी विनवतो. मला तेल लावलं नाहीत तरी चालेल. पण जिला विचारायचं राहिलं आहे, तिला आजच विचारा. ती आहे तोवर.