विहिरीत पडलेला टॅब

"कुणाच्या हातातून पडला, एवढंच सांगा," कदम सर पुन्हा म्हणाले.

सातवीची चार मुलं टेबलासमोर खाली मान घालून उभी होती. सृष्टी, रेणुका, जीवन आणि बुद्धभूषण. शाळेचा टॅब तासाभरापूर्वी गावाबाहेरच्या जुन्या विहिरीत पडला होता. दाराशी सृष्टीचा बाप आश्रुबा उभा होता. त्याला सरांनीच निरोप धाडून बोलावलं होतं.

कदम सर मुख्याध्यापक. माणूस वाईट नव्हता, पण सरकारी वस्तूची धास्ती त्यांच्या हाडात मुरलेली. शाळेला मिळालेले टॅब दोन वर्षं प्लास्टिकच्या वेष्टनासकट कपाटात पडून होते. तपासणीला साहेब यायचे त्या दिवशी ते मुलांच्या हाती दिले जायचे, फोटो निघायचे, आणि ते परत आत जायचे. सातवीच्या वर्गशिक्षिका सुकेशनीबाईंनी यंदा गणपतीनंतर भांडून ते बाहेर काढले. गावातल्या सगळ्या विहिरींवर मुलांनी एक फिल्म करायची. एकेका गटाने एकेक विहीर घ्यायची, तिथलं पाणी कॅमेऱ्यात टिपायचं, म्हाताऱ्या माणसांना बोलतं करायचं, आणि सगळं एकाच फोल्डरमध्ये टाकायचं. एकाने टाकलेलं सगळ्यांना दिसे, एकाची चूक दुसरा दुरुस्त करी. एरवी एकमेकांपासून पाटी झाकणारी पोरं त्या फोल्डरवर डोकी जुळवून बसत, आणि ते पाहून बाईंना भरून येई.

आता मात्र मुलांशेजारी उभ्या असलेल्या बाईंना भीती वाटत होती. आश्रुबा बायकोला घेऊन उद्या सकाळी ऊसतोडीला निघणार होता. सृष्टीलाही न्यायचं ठरलेलं. बाईंनी त्याच्या दारात ठाण मांडून कबूल करून घेतलं होतं, की पोरगी आजीजवळ राहील आणि शाळा शिकेल. "साळंतून एक जरी तक्रार आली, तर घेऊन जाईन," एवढं तो बोलला होता. आणि तक्रार आलीच होती.

"सर, माझं नाव लिहा," बाई म्हणाल्या. "मी दुसऱ्या गटाबरोबर होते. विहिरीपाशी मी असायला हवं होतं. चूक माझी आहे."

"तुमचं नंतर बघू. टॅब तुमच्या हातात नव्हता ना? मला वर एक नाव कळवावं लागतं."

"एकच का? मागच्या महिन्यात साहेबांपुढे फोटोला चौघांना उभं केलंत. तेव्हा ते शाळेचं काम होतं. आज टॅब विहिरीत पडला, तर ते एकट्याचंच झालं?"

सरांचा चेहरा लाल झाला. "मॅडम, मुलांसमोर बोलताय तुम्ही."

"मुलांबद्दलच बोलतेय, सर."

सृष्टीने मान वर केली. "माज्या हातातनं पडला, सर. पानी किती खाली हाय ते दिसंना, म्हनून मी वाकले."

"झालं," सर म्हणाले. मग बाकीच्या तिघांकडे वळले. "आणि तुम्ही काय तमाशा बघत होता? जवळ उभे होता, एकालाही धरता आला नाही?"

बुद्धभूषण बाईंकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "माज्या हाताजवळूनच गेला, सर. पन आमच्या हातात सृष्टी हुती."

"म्हणजे?"

"काठाचा दगुड निसटला ना. तिचा पाय सुटला. तिघांनी तिला धरलं हुतं. टॅब धराया गेलो असतो तर तिला सोडावं लागलं असतं."

टॅब पडला, एवढंच बाईंना सांगितलं गेलं होतं. त्यांनी टेबलाची कड धरली. सरांचं पेन हातातच राहिलं.

आश्रुबा दारातून आत आला. पोरीच्या खरचटलेल्या कोपराकडे त्याने आता कुठे पाहिलं.

"सर, लय येळचं ऐकायलोय," तो म्हणाला. "टॅब टॅब करायलात. पोरगी वाचली, ह्याचं काईच न्हाई का तुमाला?"

आश्रुबाने तिघा पोरांकडे एकदा पाहिलं आणि सृष्टीच्या खांद्यावर हात ठेवून तिला घेऊन गेला. बाईंना वाटलं, गेली पोरगी. सरांनी पुढे केलेल्या अहवालाच्या कागदावर त्यांनी स्वतःचं एकटीचं नाव लिहिलं, ठसठशीत अक्षरांत, आणि सही केली.

रात्रभर त्यांना चैन पडलं नाही. सकाळी प्रार्थना चालू असताना रस्त्यावर ट्रॅक्टर थांबला. मागच्या ट्रॉलीत बायका, लेकरं, भांडी, शेळी. आश्रुबा खाली उतरला. ट्रॉलीच्या एका कोपऱ्यात खाली दाबून ठेवलेलं एक छोटं गाठोडं त्याने सामान बाजूला सारून ओढून काढलं. आईजवळ बसलेली सृष्टी त्याच्यामागून उतरली.

"हिचे कपडे. साळा सुटल्यावर आजीकडं न्हील," त्याने गाठोडं व्हरांड्यात ठेवलं. "पार रस्त्यापत्तूर आनली हुती. मग इचार केला, तिकडं फडात हिला धरायला कोन हाय?"

उत्तराला तो थांबला नाही.

ट्रॅक्टर सुरू झाला तशी सृष्टी रांगेत जाऊन उभी राहिली. तिची आई ट्रॉलीच्या कडेला धरून मागे पाहत होती. अर्धवट राहिलेली प्रार्थना मुलांनी पुन्हा सुरू केली. सृष्टीच्या गालांवरून पाणी वाहत होतं. पण हात जोडलेले होते, आणि रांग तिने सोडली नाही.